सुवर्णखाते

सोन्याचा भाव तोळ्यामागे एक लाख रुपयांच्या पलीकडे गेल्याचे वर्तमान आमच्या घरी येऊन थडकले, आणि तेव्हापासून आमच्या गृहातील कोणतीही वस्तू, मग ती कितीही मोडकी, गंजकी अथवा निरुपयोगी असो, उंबऱ्याबाहेर टाकणे सर्वथैव अशक्य होऊन बसले. तोपर्यंत टिकाऊ आणि टाकाऊ यांमधील सरहद्द आमच्याकडे बऱ्यापैकी आखलेली होती. माळ्यावरचा मृतवत् संगणक, चार्जर हरवल्यामुळे सक्तीने निवृत्त झालेले निरनिराळ्या वयांचे मोबाइल, आकडे झिजून गेलेले रिमोट आणि ज्यातून मी एकेकाळी मामलेदार कचेरीतील शिरस्तेदारांचा आवाज ऐकत असे तो काळा दूरध्वनी, ही सारी मंडळी दरसाल पाडव्यापूर्वीच्या झाडलोटीत भंगारवाल्याच्या हातगाडीपर्यंत जात, तेथे त्याने उच्चारलेली किंमत ऐकत आणि अपमानित होऊन पुन्हा माळ्यावर परतत. या वेळी मात्र भंगारवाल्याने संगणकाची पेटी किंचित उघडून आत डोकावून पाहिले, आणि त्याच्या ज्ञातीच्या इतिहासात जे पूर्वी कधी घडल्याचे ऐकिवात नाही ते केले. आमच्यापैकी कोणी तोंड उघडण्याआधीच त्याने आपण होऊन भाव वाढवला.

"दाजी, थांबा!" माझे मेहुणे जिन्यावरून ओरडले. "देऊ नका. ह्यात सोनं आहे!"

माझ्या मेहुण्यांविषयी येथे थोडा खुलासा करणे अगत्याचे आहे. ते वाणिज्य शाखेचे पदवीधर असून, कोणत्या व्यवसायात भांडवल किती मुदतीत बुडते या विषयाचा त्यांनी स्वखर्चाने केलेला अभ्यास आमच्या सांगली जिल्ह्यात तरी अद्वितीय मानावा लागेल. इमूपालनात त्यांचे पक्षी पळाले; कडकनाथाच्या व्यवहारात कोंबड्या जागेवर राहिल्या, पण त्यांची अंडी विकत घेण्याचा करार करून गेलेली मंडळी पळाली; ड्रॅगन फळाच्या बागेत कोणीच पळाले नाही, कारण तेथे पळण्याजोगे काही उगवलेच नाही. या सर्व आपत्तींतून त्यांनी एकच निष्कर्ष काढला होता, तो हा की सजीव सृष्टीवर विश्वास टाकण्यात अर्थ नाही. धातू पळत नाहीत, आजारी पडत नाहीत आणि त्यांना खाद्य लागत नाही.

संगणकाच्या आतील हिरव्या पट्ट्यांच्या कडेला जी पिवळी बोटे दिसतात ती पितळेची नसून त्यांवर सोन्याचा मुलामा असतो, कारण सोन्याला जंग चढत नाही आणि विजेच्या अत्यंत क्षीण प्रवाहालाही ते वर्षानुवर्षे बिनतक्रार वाट देते, हे मेहुण्यांनी सांगितलेले शास्त्र अक्षरशः खरे होते. त्या मुलाम्याची जाडी बहुधा एक मायक्रॉनसुद्धा भरत नाही, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा हिस्सा, हा त्या शास्त्राचा उत्तरार्ध त्यांनी वाचलाच नव्हता की वाचून सोडून दिला होता, याची चौकशी मी केली नाही. उत्साही मनुष्याजवळ उत्तरार्धाविषयी विचारपूस करू नये, हे सरकारी नोकरीत मी फार लवकर शिकलो होतो.

आपल्या म्हणण्याच्या पुष्ट्यर्थ मेहुण्यांनी जपानचा दाखला आणला. टोकियो ऑलिंपिकची पदके तेथील लोकांनी जुन्या मोबाइलांतून आणि तत्सम यंत्रांतून काढलेल्या धातूंची घडविली, आणि त्या मोहिमेत ३२ किलो सोने हाती आले, ही कथा आमच्या कुटुंबाने तल्लीन होऊन ऐकली. अव्वल कारकुनाच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या माणसाला आकडा दिसला की त्यामागची फर्द पाहिल्यावाचून राहवत नाही. म्हणून मी तपशील काढला. त्या ३२ किलोंसाठी २०१७ पासून दोन वर्षे जपानभर सुमारे ७९ हजार टन यंत्रे गोळा होत होती, आणि त्यांत मोबाइलच ६२ लाखांवर होते. म्हणजे टनामागे अर्धा ग्रॅमही पडत नव्हता. कोलारच्या खाणी तीन किलोमीटरांहून खोल जाऊनदेखील अखेर परवडेनात म्हणून २००१ साली बंद कराव्या लागल्या, हेही मी ओघात सांगितले.

"कोलारला खाली उतरावं लागत होतं, दाजी," मेहुणे म्हणाले. "आपल्याला माळ्यावर चढायचंय."

"आणि टन म्हणजे किती हो?" कुटुंबाने माळ्याकडे मान वर करून विचारले. "आपल्या माळ्यावर असेलच की एखादा!"

मेहुण्यांचा दुसरा दाखला अधिक भारदस्त होता. १९४० साली जर्मन फौजा कोपनहेगनमध्ये शिरल्या तेव्हा नील्स बोर यांच्या संस्थेत माक्स फॉन लाउए आणि जेम्स फ्रांक या दोघा शास्त्रज्ञांची नोबेल पदके ठेवलेली होती. ती शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून जॉर्ज द हेवेशी यांनी ती अम्लराजात विरघळवून टाकली, बरणी फळीवर ठेवून दिली, आणि महायुद्ध संपल्यावर परत येऊन त्याच बरणीतून सोने पुन्हा खाली बसविले, ज्याची पदके नव्याने घडवून देण्यात आली. कथा सत्य आहे आणि रोमहर्षकही आहे. त्या गृहस्थांनी बरणीत सोने घातले होते म्हणून बरणीतून सोने निघाले, एवढा एकच बारीकसा मुद्दा मी मांडून पाहिला. परंतु तो कोणाला महत्त्वाचा वाटला नाही. हॅम्बर्गच्या हेनिग ब्रांट नावाच्या किमयागाराने १६६९ साली सोन्याच्या आशेने मानवी मूत्र साठवून, कुजवून, आटवून पाहिले आणि त्यातून सोन्याऐवजी फॉस्फरस निघाला, ही ऐतिहासिक माहिती मात्र मी मेहुण्यांपासून कटाक्षाने दडवून ठेवली. आमच्याकडे मोठी पातेली पुष्कळ आहेत.

माझा विरोध मोडून काढण्याचे श्रेय जपानकडे किंवा डेन्मार्ककडे जात नाही. ते आमच्या एका दिवंगत आजेसासूबाईंकडे जाते. खऱ्या जरीचा जीर्ण शालू जाळून त्याच्या काठापदरातून चांदी काढण्याची रीत पूर्वी घरोघर होती, आणि तशी ती त्या माउलीनेही शेगडीवर काढली होती. आमच्या विवाहसमयी ही चांदी एका जोडव्यापुरती होती असे सांगण्यात येत असे. पुढे ती अत्तरदाणीपुरती झाली. आणि प्रस्तुत प्रसंगी तिची वाटी भरून वर शीग लागली. "माझ्या आजीला कुठं रसायनशास्त्र येत होतं?" हा कुटुंबाचा प्रश्न निरुत्तर करणारा होता. मी एक कोरी वही घेतली, तिच्यावर 'सुवर्णखाते' असे वळणदार अक्षरांत लिहिले, आणि जमेची बाजू पुढे बरीच लागेल म्हणून तिला जास्त पाने सोडली.

सोने निघण्यापूर्वी त्याची वाटणी होणे आवश्यक आहे, याबद्दल घरात विलक्षण एकमत होते. मतभेद केवळ आणेवारीचे होते. माल आपल्या माळ्यावर आपण इतकी वर्षे सांभाळला म्हणून कुटुंबाने आठ आणे मागितले, ज्ञान आपले म्हणून मेहुण्यांनी सहा आणे मागितले, आणि जागा, भांडवल, जबाबदारी व पोलीस आल्यास जबानी या सर्वांबद्दल उरलेले दोन आणे माझ्या वाट्याला आले. कुटुंबाने पाटल्यांचा नमुना निवडला. मेहुणे आपला हिस्सा व्यवसायात फिरता ठेवणार होते. पुण्याहून कन्येने कळविले की असले जड दागिने आता कोणी घालीत नाही, सबब तिच्या आईच्या आठ आण्यांतील तिचा वाटा रोखीने मिळावा. यावर "मी अजून जिवंत आहे" असे उत्तर गेले, आणि ब्रह्मांडात कोठेही अस्तित्वात नसलेल्या सुवर्णावरून मायलेकींचे संभाषण काही काळ स्थगित झाले.

गुप्तता हा या उद्योगाचा प्राण असल्याचे मेहुण्यांनी सर्वांना निक्षून बजावले होते, त्यामुळे आठवडाभरात ही वार्ता मिरजेपर्यंत पोचली. आप्तेष्ट पिशव्या घेऊन येऊ लागले. कोणी बंद पडलेला मिक्सर आणला, कोणी श्वशुरांचे श्रवणयंत्र, कोणी लग्नात आलेले परंतु कधीही न चाललेले घड्याळ. प्रत्येकाला पावती हवी होती, आणि पावतीवर वजनही हवे होते. मी रीतसर आवक नोंदवही घातली. एक दूरचे मामा रिकाम्या हातांनी आले तेव्हा मला हायसे वाटले. परंतु त्यांनी स्थानापन्न होताच मुख उघडून आत डावीकडे, मागच्या बाजूस, दाढेवर बसविलेली सोन्याची टोपी दाखविली.

"अंदाज सांग फक्त," मामा म्हणाले. "आत्ताच काढ म्हणत नाही."

तेजाबाच्या खरेदीस मी स्वतः गेलो, कारण ती बाब कागदोपत्री होती. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तेजाबाच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातल्यापासून दुकानदाराला वही ठेवावी लागते. तीत घेणाऱ्याचे नाव, पत्ता, ओळखपत्र आणि खरेदीचे कारण नमूद करणे भाग असते. नाव, पत्ता निर्वेध पार पडले. कारणाच्या रकान्यापाशी मात्र माझी लेखणी थबकली. 'सुवर्णनिर्मिती' लिहावे तर आयकर खात्याला आमंत्रण दिल्यासारखे होत होते; 'शास्त्रीय जिज्ञासा' माझ्या वयाला शोभत नव्हती; 'गृहकृत्य' हा शब्द मला पसंत पडला, परंतु त्यातून कुटुंबावर अकारण संशय आला असता. सरकारी वहीत असत्य लिहिण्याचा प्रसंग मजवर उभ्या हयातीत आलेला नव्हता. इतरांनी लिहिलेल्या असत्याची मी केवळ नक्कल काढीत असे. अखेरीस दुकानदारालाच माझी दया आली.

"काका, संडास साफ करायला असं लिहा," तो म्हणाला. "सगळे तेच लिहितात."

येथे अम्लराजाची थोरवी सांगितली पाहिजे. शोऱ्याचे तेजाब सोन्याचे काही वाकडे करू शकत नाही, आणि मिठाचे तेजाबही करू शकत नाही. परंतु दोघे एकत्र आले की एरवी एकमेकांच्या दारात न जाणाऱ्या भाऊबंदांनी तिऱ्हाइताविरुद्ध दावा लावण्यासाठी एक व्हावे, तसे ते सोन्याला पार विरघळवून टाकतात. म्हणून रीत अशी की आधी शोऱ्याच्या तेजाबात तांबे, निकेल वगैरे हलके धातू घालवायचे, वर तरंगणारे सोन्याचे पापुद्रे गाळून घ्यायचे, आणि मग तेवढेच अम्लराजात सोडायचे. जाणता मनुष्य त्यासाठी आधी केवळ पिवळी बोटे कातरून घेतो. मेहुण्यांच्या मते हा उगाच कापाकापीचा खटाटोप होता. सोने पट्टीभर कोठेही दडलेले असू शकते, सबब त्यांनी पट्ट्या सगळ्याच्या सगळ्या, डाखासकट, स्क्रूंसकट आणि एका पट्टीवर वाळून बसलेल्या झुरळासकट, बरणीत घातल्या.

मुहूर्त गुरुपुष्यामृताचा धरला होता. स्थळ आमची गच्ची. मेहुण्यांनी माझा पावसाळी कोट, कन्येचा शाळकरी वयातील पोहण्याचा चष्मा आणि डोक्यावर स्कूटरचे शिरस्त्राण असा पोशाख केला होता, आणि खाली गोणपाटे अंथरून ते बरणीसमोर अशा गांभीर्याने उभे होते की कुटुंबाने सवयीने हळदकुंकवाची कुयरी पुढे केली. वारा कोणत्या दिशेचा आहे याचा त्यांनी विचार केला नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल. धूर आपल्या घरात येऊ नये, एवढा विचार त्यांनी केला होता. तेजाब ओतताच बरणीतून तांबूस तपकिरी रंगाचा एक दाट लोळ उठला, क्षणभर आमच्या कठड्यावर रेंगाळला, आणि मग जणू पत्ता विचारून घेतल्याप्रमाणे सरळ शेजारच्या गच्चीवर गेला, जेथे शेजारच्या वहिनी धोतरावर ओळीने कुरडया घालीत होत्या.

"भाऊजी!" पलीकडून आवाज आला. "हे काय जळतंय?"

"काही नाही, वहिनी," मी म्हणालो. "थोडं शैक्षणिक काम आहे."

"कुणाच्या शिक्षणाचं?" असे त्या म्हणाल्याचे मला स्मरते, पुढचे शब्द खोकल्यात विरून गेले. त्या दिवशी आमच्या तुळशीने माना टाकल्या, आणि अल्पावधीत गच्चीच्या लोखंडी कठड्यावर असा गंज चढला की रंगाऱ्याने तो कठडा समुद्रावरून आणला आहे का, असे विचारले. बरणीत हिरवेगार पाणी झाले, डाखातल्या कथलाचा पांढरा साका तळाशी बसला, आणि सोने कोठेही दिसेना. झुरळही दिसेना.

दुसऱ्या दिवशी चमत्कार घडला. बरणीतील पट्टी वर काढण्यासाठी मेहुण्यांनी स्वयंपाकघरातील जुनी लोखंडी सांडशी त्या हिरव्या पाण्यात बुडवून ठेवली होती. ती बाहेर काढताच तिची दोन्ही टोके लालसर, लखलखीत तेजाने झळकू लागली. कुटुंबाने किंकाळी फोडली, सांडशी देवघरात नेली, तिला हळदकुंकू वाहिले, आणि रेशमी वस्त्रात गुंडाळून आम्ही तिघे ती सराफ कट्ट्यावर घेऊन गेलो. आमचे सराफ वयोवृद्ध गृहस्थ आहेत. त्यांनी सांडशी उलटसुलट करून पाहिली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"वहिनी, लोखंड असल्या पाण्यात बुडवलं की त्यावर तांबं चढतं," ते अत्यंत मृदू स्वरात म्हणाले. "बाकी सांडशी चांगली आहे. अशी हल्ली मिळत नाही. वापरा."

पुढील क्रिया मी त्वरेने सांगतो, कारण त्यांत शास्त्रापेक्षा मनुष्यस्वभावच अधिक होता. पापुद्रे अम्लराजात विरल्यावर ते पाणी गाळण्यासाठी कागद बरा की कापड, यावर खडाजंगी होऊन शेवटी माझे एक जुने, परंतु सुस्थितीतील, उपरणेवजा धोतर निवडण्यात आले. तेजाबाने त्याची पाहता पाहता चाळण केली, आणि अम्लराजासह पिवळसर पाणी बरणीऐवजी गोणपाटावर उतरू लागले. "पुसून घ्या, पुसून घ्या!" असा पुकारा झाला, आणि जे हाती लागेल त्याने, म्हणजे उरलेल्या धोतराने, ते पुसून घेण्यात आले. बरणीत जे राहिले त्यात हिराकस सोडली. हिराकस पडली की अम्लराजातले सोने तळाशी बसते, हे खरे. पण ते बसते ते मळकट तपकिरी भुकटीच्या रूपाने, आणि सोन्याने असल्या वेषात दर्शन द्यावे याची आमच्या घरात कोणाचीच मानसिक तयारी झालेली नव्हती.

"हे सोनं असेल, तर आडातल्या गाळाला काय म्हणायचं?" कुटुंबाने विचारले.

मोलकरणीने सकाळी येऊन ते भांडे घासू नये म्हणून मेहुणे रात्रभर त्यापाशी बसून राहिले. मग फ्रीज दुरुस्त करणाऱ्याची ज्योतीची नळी उसनी आणून, मुशीत ती भुकटी आणि टाकणखार घालून आटणी करण्यात आली. आणि मूस पालथी केली तेव्हा तीतून खरोखरच, माझ्या साऱ्या शंकांना लाजवीत, एक पिवळाजर्द, तेजस्वी रवा बाहेर पडला, टणकन् उडाला आणि मोरीच्या दिशेने गेला. त्याला शोधण्यात दुपार गेली.

सराफांनी तो रवा पाहिला, कसोटीवर घासला आणि मान डोलावली. कस उत्तम होता. मग त्यांनी नोकराकडून दुकानातील पंखा बंद करविला, दार लोटविले आणि आम्हांस श्वास जपून घेण्याची विनंती करून तो काट्यावर ठेवला.

"गुंजभर?" मेहुण्यांनी घोगऱ्या आवाजात विचारले.

"अर्धी गुंज," सराफ म्हणाले. "तीही प्रेमाने म्हटलं तर. खिशात ठेवू नका, सापडायची नाही."

आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा, हे कोष्टक मला शाळेपासून मुखोद्गत आहे. त्यामुळे जवळपास दोनशे माळे रिकामे केले असता कुटुंबाच्या पाटल्यांचा प्रारंभ होऊ शकेल, हे मी परतीच्या वाटेवरच काढले. माझ्या दोन आण्यांचा हिशेब मांडताना मात्र कोष्टकातील परिमाणे खालच्या बाजूने संपून गेली. निघताना सराफांनी चहा पाजला आणि १९६३ सालची हकिकत सांगितली. मोरारजींच्या सुवर्णनियंत्रणाने चौदा कॅरटांहून अधिक कसाचे दागिने घडविण्यास बंदी झाली तेव्हा त्यांच्या वडिलांच्या भट्ट्या विझल्या, कारागीर देशोधडीला लागले. "त्या दिवसांत आमचे वडील भाजी विकायला बसले होते, साहेब," ते म्हणाले. "पण रेडिओ उकळून बघावा, असं त्यांच्याही मनात आलं नाही."

इतक्यावर हा उद्योग संपुष्टात आला असता. परंतु वैशाखात विट्याकडचे एक गलाईवाले गृहस्थ गावच्या यात्रेला आले होते, ते पूर्वीच्या कचेरीच्या ओळखीने मला भेटावयास आले. खानापूर, आटपाडी, तासगाव या आमच्या अवर्षणग्रस्त मुलखातून सोने-चांदी गाळण्याची विद्या घेऊन बाहेर पडलेली ही माणसे आज तमिळनाडू, केरळापासून पंजाब, बंगालपर्यंत सराफांच्या पेठांमागच्या बोळांत भट्टी लावून बसलेली आढळतात. पाऊस गावाला विचारीत नाही म्हणून ती घराबाहेर पडली, आणि परप्रांतात जाऊन दुसऱ्याच्या राखेतून आपले घर बांधती झाली. आमचे पाहुणे कोइमतूरला असतात. मी अभिमानपूर्वक रवा पुढे केला. त्यांनी तो पाहिला न पाहिल्यासारखा केला आणि गच्चीवर जाऊन जमिनीकडे पाहत उकिडवे बसले.

"साहेब, ही गोणपाटं कुनाची?"

"टाकायची आहेत."

"टाकू नका. आन् त्ये धोतार कुठाय?"

धोतर मोरीत होते. पाहुण्यांनी ते स्वतः उचलून आणले, गोणपाटे घडी करून त्यावर ठेवली, मुशीचे तुकडे गोळा केले, कोपऱ्यातील राख, केर आणि ज्या केरसुणीने तो केर काढला ती केरसुणीदेखील मागून घेतली, आणि या साऱ्याची म्हणून एक किंमत सांगितली. ती सराफांनी सांगितलेल्या रव्याच्या किमतीहून अधिक होती.

"निम्म्यापरास जास्त सोनं भुईनं खाल्लंय तुमचं," ते म्हणाले. "ह्ये जाळलं की राखंत ऱ्हातंय. आमी दुकानाची भुईच झाडून घेतो, साहेब. सोनं काय, समदीच बघत्यात."

सोनाराच्या दुकानातील धूळ विकत घेऊन ती धुणारे झारेकरी पूर्वीपासून आहेत, कारागिरांनी हातपाय धुतलेले पाणीसुद्धा वाया जात नाही, मुंबईच्या झवेरी बाजारातील रस्त्यावरची माती रोज पहाटे कोणी ना कोणी झाडून नेतो, हे सर्व त्यांनी मग सांगितले. पण ऐकण्याच्या मनःस्थितीत आमच्याकडे कोणी राहिले नव्हते. केरसुणी सामायिक की कुटुंबाची, हा प्रश्न उपस्थित झाला होता. धोतर निःसंशय माझे होते आणि त्याला आणेवारी लागू होत नाही, असे मी स्पष्ट बजावले. मेहुण्यांचे म्हणणे असे पडले की सांडणे ही त्यांची क्रिया होती, आणि क्रियेवाचून धोतर हे केवळ धोतर होते. मिरजेहून आलेल्या मिक्सरच्या मालकांनी पावती पुढे करून केरातील आपला प्रमाणशीर हिस्सा मागितला. मामांनी दाढ काढावयाची की नाही याचा निर्णय पुन्हा लांबणीवर टाकला.

या गदारोळात शेजारच्या वहिनी हातात पत्र्याचा डबा घेऊन केव्हा आल्या, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. गेले काही दिवस त्या आमच्याशी बोलत नव्हत्या, आणि कुरडयांच्या नुकसानभरपाईचा तगादा त्यांच्या यजमानांमार्फत चालू होता. आता त्यांची मुद्रा प्रसन्न होती. त्यांनी डब्याचे झाकण उघडले, आतील पिवळसर झाक आलेल्या कुरडया हलक्या हाताने पाहुण्यांसमोर धरल्या, आणि भाव विचारला.

"वैनी, कुरडईत गव्हाचा चीक असतोय," पाहुणे नम्रपणे म्हणाले. "सोनं धुरानं उडून येत न्हाई."

"मग पिवळ्या कशा पडल्या?"

"तेजाबानं. खाऊ नका. पोरांना तर मुळीच देऊ नका."

वहिनींनी झाकण घट्ट लावले. एवढा जाणता मनुष्य माल पाहून भाव सांगावयाचे टाळतो, यातच काय ते आले, असे त्यांनी जाताना आमच्या कुटुंबाला खाजगीत सांगितले. आणि तो डबा त्यांच्या लोखंडी कपाटात, किल्लीच्या खणात, दागिन्यांच्या पेटीशेजारी गेल्याचे त्यांच्या मोलकरणीकडून, जी आमचीही मोलकरीण आहे, सायंकाळपर्यंत आमच्या घरी कळले.

रात्री दिवा मालवल्यावर कुटुंबाने बराच वेळ कूस बदलली.

"अहो," शेवटी तिने विचारले, "कुरडया त्यांच्या असतील. पण धूर आपलाच होता ना?"